गाभण गायीचा खुराक: वासराला महागात पडणाऱ्या या चुका टाळा

वासरू जन्मून दोन तास झाले तरी उभे राहत नाही, सड तोंडात दिला तरी चोखत नाही, आठवड्याच्या आत हगवण लागते. मग टॉनिक, सलाईन, इंजेक्शन सुरू होते. अनेकदा मूळ कारण मात्र दोन-तीन महिने आधीच्या गव्हाणीत असते.

दूध आटले की खुराक बंद

सर्वांत महाग चूक हीच. दूध नाही तर पेंड कशाला, असा हिशेब केला जातो. गाभणकाळ साधारण 280 दिवसांचा असतो आणि वासराच्या जन्मवजनातला निम्म्याहून जास्त वाटा शेवटच्या दोन-अडीच महिन्यांत भरतो, म्हणजे नेमक्या दूध बंद असलेल्या भाकड काळात. त्याच दिवसांत गाय नुसत्या ज्वारीच्या कडब्यावर असते. कडब्यात प्रथिने जेमतेम 3 ते 4 टक्के. कोठीपोटातल्या जिवाणूंना नीट काम करायला किमान 7 टक्के तरी लागतात. त्याखाली गेले की कडबा पोटात पडून राहतो. पोट फुगलेले दिसते, पण गाय उपाशीच असते.

यामागे आणखी एक समजूत आहे: कमी खाल्ले तर वासरू लहान राहील आणि गाय सहज विईल. तसे होत नाही. वासराचा आकार बराचसा वळूवर ठरतो. पहिलारू कालवडीची काळजी असेल तर सोपी वीण देणाऱ्या वळूची रेतमात्रा मागा. उपाशी गाय स्वतःचे मांस झिजवून वासरू वाढवते. मग तिला कळा देण्याइतकी ताकद राहत नाही, आणि वासरूही अंगात ऊब धरणारी चरबी न घेताच जन्मते. डिसेंबरच्या पहाटे असे वासरू गारठते.

450 ते 500 किलोच्या संकरित गायीला भाकड काळात रोज साधारण एवढे द्यावे: हिरवा मका किंवा नेपियर गवत 20 किलो, कडबा कुट्टी 4 किलो, खुराक (तयार पशुखाद्य) 2 किलो, अर्धा किलो सरकी किंवा सोयाबीन पेंड. पाणी दिवसभर समोर हवे. पहिलारू कालवड स्वतःही वाढत असते. तिला मोठ्या गायींसोबत एकाच गव्हाणीवर बांधू नका, त्या तिला खाऊ देत नाहीत.

विण्याआधी कॅल्शियमच्या बाटल्या

चांगल्या हेतूने केलेली ही चूक फार सर्रास दिसते. विण्याआधीचे तीन आठवडे कॅल्शियम भरपूर मिळाले, की हाडांतून ते काढून रक्तात आणणारी यंत्रणा सुस्त पडते. व्यायल्यावर चिकात एकदम कॅल्शियम जाते आणि गाय दुग्धज्वराने बसते. कॅल्शियम कमी पडले की गर्भाशयाचे आकुंचनही मंदावते, वीण लांबते आणि वासरू गुदमरते. म्हणून शेवटचे 21 दिवस कॅल्शियमचे द्रावण बंद ठेवा, ते व्यायल्यावर द्या. लसूणघासही याच काळात थांबवा, कारण त्यात कॅल्शियमबरोबर पोटॅशियमही जास्त असते. खाण्याचा सोडा नको.

याच दिवसांत गायीची भूक साधारण पाऊण पटीपर्यंत उतरते. तेव्हा खुराक दर चार दिवसांनी पाव किलो वाढवत सव्वातीन किलोपर्यंत न्या. एकदम वाढवला तर पोटात आम्लता होते. अतिरेकही नको: पाचच्या मापात गायीचा शरीर गुणांक (अंगावर चरबी किती, हे सांगणारा आकडा) विण्याच्या वेळी 3.25 ते 3.5 असावा. बरगड्या नुसत्या बघून कळत नसतील तर हाताने चाचपून बघा. त्याहून लठ्ठ गाय व्यायल्यावर खात नाही आणि तिला किटोसिस (अंगातली चरबी वेगाने वितळून होणारा आजार) होतो.

ऊसपट्ट्यात, म्हणजे कोल्हापूर, सांगली, सोलापूर, नगरकडे, गळीत हंगामात महिनोन् महिने वाढ्यांवर, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांवर, गायी काढल्या जातात. वाढ्यातले ऑक्झॅलेट चाऱ्यातले कॅल्शियम बांधून शेणातून बाहेर नेते आणि हाडे रिकामी होतात. हिरव्या चाऱ्यात वाढे एक तृतीयांशाच्या वर जाऊ देऊ नका आणि त्यावर चुन्याची निवळी शिंपडा.

खनिज मिश्रण फक्त दुभत्यांना

दुधात तांबे आणि लोह फारच कमी असते. वासरू ते गर्भात असतानाच यकृतात साठवून घेते, सेलेनियम आणि जस्तही तसेच. आईकडे नसेल तर साठा कुठून होणार? भाकड गायीला रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण द्या. शेवटच्या तीन आठवड्यांत कमी कॅल्शियमचे, भाकड गायींसाठीचे घ्या. उन्हाळ्यात हिरवा चारा संपला, की जुन्या कडब्यात अ आणि ई जीवनसत्त्वे उरत नाहीत. तेव्हा पशुवैद्यकाला विचारून ती वेगळी द्यावीत. बुरशी आलेली पेंड किंवा मुरघास (हवाबंद साठवून आंबवलेला हिरवा चारा) ‘भाकडच आहे, चालेल’ म्हणून तिच्यापुढे टाकू नका.

उष्णतेचा फटकाही चाऱ्याएवढाच असतो. मार्च ते मेमध्ये गाय पत्र्याखाली तापली, तर ती खाणे कमी करते, लवकर विते आणि वासरू हलके भरते. फ्लोरिडा विद्यापीठाच्या अभ्यासांत अशा गायींना झालेल्या कालवडींनी पुढे पहिल्या वेतात दूधही कमी दिले. सावली, पंखा आणि फवारे दुभत्या गायींइतकेच भाकड गायींनाही लावा.

चांगला चीक वाया जातो तो असा

गायीची प्रतिपिंडे (रोगांशी लढणारी प्रथिने) वारेतून वासराकडे जात नाहीत, ती फक्त चिकातून मिळतात. चीक तयार होण्याचे काम विण्याआधी तीन-चार आठवडे सुरू होते; म्हणून गाय दोन महिने आटवायलाच हवी. वार पडेपर्यंत चीक पाजायचा नाही, ही रूढी वासरांच्या जिवावर उठते. पहिल्या दोन तासांत वजनाच्या दहा टक्के, म्हणजे 30 किलोच्या वासराला 3 लिटर चीक पाजा. दर तासाला आतड्याची शोषणशक्ती घटते आणि 24 तासांत जवळपास संपते. ब्रिक्स मापकावर (चिकाचा दाटपणा दाखवणारे छोटे उपकरण) 22 च्या वर आकडा आला तर चीक चांगला. खरवस उरलेल्या चिकाचा करा.

लक्षणावरून मागे शोध घ्या

गळ्यापाशी गाठ असेल तर आयोडीनची कमतरता असू शकते. जन्मतः आंधळे, अशक्त वासरू असेल तर अ जीवनसत्त्व तपासा. मागचे पाय ताठ, चालताना थरथर असेल तर सेलेनियम आणि ई. गुडघे किंवा सांधे वाकडे असतील तर मँगनीजकडे बघा. एकाच गोठ्यात सलग दोन वासरे अशी जन्मली, तर वासरावर औषधे बदलत बसू नका. बाकीच्या गाभण गायींचे रक्त आणि चारा तपासून घ्या.