‘इनामोरातो’ हा शब्द कसा उलगडावा आणि कोठे वापरावा

इंग्रजी लेखनात प्रियकर या अर्थाने ‘इनामोरातो’ आढळल्यास प्रथम त्याची फोड करावी. इटालियन ‘इन’ आणि लॅटिनमधून आलेला, प्रेम या अर्थाचा ‘आमोरे’ यांपासून ‘इन्नामोरारे’ हे क्रियापद बनले. त्याचे धातुसाधित रूप ‘इन्नामोरातो’ म्हणजे शब्दशः ‘प्रेमात पडलेला’. इंग्रजीने त्यातील एक ‘न’ गाळला. त्यानंतर अंत्यस्वर पाहावा: ‘ओ’ असल्यास पुरुष, ‘आ’ असल्यास स्त्री, म्हणजे ‘इनामोराता’.

अर्थाची खरी छटा मात्र रंगभूमीवर सापडते. 16व्या शतकात इटलीत बहरलेल्या ‘कोमेदिया देल्लार्ते’ या नाट्यप्रकारात ‘इन्नामोराती’ ही प्रेमिकांची ठरावीक पात्रे असत. इतर अनेक पात्रे मुखवटे घालीत असताना ती मुखवट्याविना वावरत, प्रमाण मानल्या गेलेल्या तोस्कान बोलीत अलंकारिक संवाद म्हणत आणि प्रेमाच्या कल्पनेवरच इतकी लुब्ध असत की प्रेक्षकांना हसू येई.

म्हणून हा शब्द गंभीर निवेदनापेक्षा किंचित थट्टेच्या सुरातच योजावा; साध्या वाक्यात ‘प्रियकर’ पुरेसा आहे. ‘चिचिस्बेओ’शी त्याची गल्लत करू नये, कारण तो 18व्या शतकातील इटलीत विवाहित उमराव स्त्रीसोबत उघडपणे वावरणारा पुरुष होय.