चार्जिंगची बॅटरी (टॉर्च) घेताना आधी उष्णता बघा

खोक्यावरच्या ल्युमेनच्या, म्हणजे उजेडाच्या मापाच्या, मोठ्या आकड्यावर मी कधीच बॅटरी निवडत नाही. एलईडीला दिलेल्या विजेचा बराचसा भाग उष्णतेत जातो, आणि ती बाहेर पडायला वाट हवी. म्हणून अंग ॲल्युमिनियमचं हवं, डोक्याशी खाचा हव्यात. हातात धरून वजन बघा. फार हलकी असेल तर उष्णता शोषायला धातूच कमी. प्लास्टिकची असेल तर कमी उजेडाचीच घ्या.

पूर्ण उजेडावर काही मिनिटांत डोकं तापतं आणि चांगली बॅटरी आपणहून प्रकाश कमी करते. हा बिघाड नाही, हेच तिला वाचवतं! एएनएसआय एफएल१ या टॉर्च मोजण्याच्या मानकात ल्युमेन चालू केल्यावर ३० सेकंदांनंतर मोजतात आणि चालण्याचा वेळ उजेड १० टक्क्यांवर येईपर्यंत धरतात. मधे उजेड किती घटला ते या आकड्यांत दिसत नाही, त्यामुळे वेळेनुसार उजेडाचा आलेख दिला असेल तर तोच वाचा. मधल्या पातळीवर ती किती तास टिकते, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

सेल बदलता येणारा घ्या, १८६५० मापाचा (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब) सहज मिळतो. त्यावर क्षमता ९९०० एमएएच (मिलीअँपिअर-तास) लिहिली असेल तर ते खोटं आहे. पिशवीत ठेवताना बटण लॉक कराच; चुकून दाबलं गेलं तर कापड जळू शकतं.