एआय एजंटकडून ब्लॉकचेन पॅकेजं शोधून घेताय? या चुका टाळा

‘युनिस्वॅप या क्रिप्टो एक्सचेंजच्या व्यवहारांचा डेटा देणारं तयार सबस्ट्रीम्स पॅकेज शोध,’ एवढं म्हटलं की एआय एजंट काही सेकंदांत नाव, व्हर्जन, नेटवर्क आणि वर चालवायची कमांडही समोर ठेवतो. उत्तर इतकं नीटनेटकं असतं की पॅकेज उघडून बघायचं कुणाच्या मनातही येत नाही. पवईतली तीन जणांची डेटा टीम असो की क्रिप्टोचे हिशेब करणारं फोर्टमधलं सीए ऑफिस, फसगत बहुतेक इथेच होते. एजंटला जोडलेलं शोधाचं ॲड-ऑन रजिस्ट्रीत, म्हणजे पॅकेजांच्या सार्वजनिक यादीत, जे लिहिलंय तेवढंच वाचून आणतं. ते तुमच्या कामाचं आहे का, हे त्याला ठाऊक नसतं; एजंट मात्र ठाऊक असल्यासारखा बोलतो.

नवख्यांसाठी थोडक्यात. सबस्ट्रीम्स हे ब्लॉकचेनवरचा डेटा वाचून हव्या त्या रूपात देणारं तंत्र; ‘द ग्राफ’ या ब्लॉकचेन डेटा नेटवर्कच्या परिवारातलं, स्ट्रीमिंगफास्ट कंपनीने बांधलेलं. रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेली मॉड्यूल्स (कोडचे तुकडे) वेबअसेम्ब्लीत कंपाइल करायची, सोबत प्रोटोबफच्या व्याख्या (डेटाचा साचा) जोडायच्या आणि सगळं एका एसपीकेजी फाइलीत बांधायचं, की झालं पॅकेज. अशी पॅकेजं सार्वजनिक रजिस्ट्रीवर असतात. त्यांत शोधणारं ॲड-ऑन म्हणजे एक एमसीपी सर्व्हर. एमसीपी हा ॲन्थ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये आणलेला खुला प्रोटोकॉल. त्यातून एजंटला बाहेरची टूल्स वापरता येतात.

सर्व्हर दिसतच नाही

याची कारणं कंटाळवाणी आहेत, म्हणून झटपट उरकतो. सर्व्हरची नोंद असलेल्या जेसॉन फाइलीत (कॉन्फिगमध्ये) शेवटच्या ओळीमागे राहिलेला स्वल्पविराम. खिडकी बंद केली, पण ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडलं नाही. टर्मिनलमध्ये सर्व्हर सुरू करणारं ‘एनपीएक्स’ चालतं, पण आयकॉनवर क्लिक करून उघडलेल्या ॲपला ते सापडत नाही, कारण त्याला तुमच्या शेलचा पाथ मिळालेला नसतो. कॉन्फिगमध्ये पूर्ण पाथ लिहा. आणि सर्व्हर स्वतः लिहीत असाल तर एकच गोष्ट लक्षात ठेवा: एसटीडीआयओ पद्धतीत (ॲप आणि सर्व्हर एकाच मशीनवर इनपुट-आउटपुटमधून बोलतात ती) स्टँडर्ड आउटपुटवर फक्त प्रोटोकॉलचे संदेश जायला हवेत. डीबगिंगसाठी टाकलेली एक प्रिंटची ओळसुद्धा जोडणी बिघडवते. लॉग स्टँडर्ड एररवर पाठवा.

एजंटने शोधलंच नाही

हे जास्त त्रासदायक, कारण काहीच बिघडल्यासारखं दिसत नाही. युनिस्वॅप, आवे अशी क्रिप्टो प्रोटोकॉलची नावं मॉडेलला आधीच माहीत असतात, त्यामुळे कधीकधी ते टूलला हात न लावता आठवणीतूनच पॅकेजचं नाव रचून देतं. नाव खऱ्यासारखं वाटतं, व्हर्जनही असतं, फक्त रजिस्ट्रीत तसं काही नसतं. चॅटमध्ये टूल वापरल्याची नोंद दिसते का ते आधी बघा. दिसत नसेल तर उत्तर वाचण्यातही वेळ घालवू नका. ‘टूलने शोध आणि पॅकेजची लिंक दे’ असं स्पष्ट सांगा.

आणि शोधशब्द आखूड ठेवा. एजंटला मराठीत लांबलचक समजावलंत तरी चालेल, पण टूलला तो काय पाठवतो ते पाहा. पॅकेजची नावं आणि वर्णनं इंग्रजीत असतात, त्यामुळे आठ शब्दांचं वाक्य गेलं तर हाती शून्य येण्याचीच शक्यता जास्त. आधी फक्त ‘युनिस्वॅप’सारखं प्रोटोकॉलचं नाव टाकून बघायचं.

नेटवर्कचा घोळ

फिल्टरमध्ये ‘इथेरियम’ लिहिलं आणि काहीच आलं नाही? द ग्राफच्या जगात इथेरियमची ओळख नुसती ‘मेननेट’ अशी आहे. पॉलिगॉन या दुसऱ्या ब्लॉकचेनचं टोकन सप्टेंबर २०२४ मध्ये मॅटिकवरून पीओएल झालं, पण नेटवर्कची ओळख ‘मॅटिक’च राहिली. रिकामा निकाल आला की ‘असं पॅकेजच नाही’ असा निष्कर्ष एजंट काढतो. तो मान्य करण्याआधी फिल्टर काढून शोधायला लावा.

आपल्याकडच्यांसाठी यात एक खास खड्डा आहे. पॉलिगॉनच्या चाचणी नेटवर्कचं नाव चक्क ‘मुंबई’ होतं. ते एप्रिल २०२४ मध्ये बंद झालं, कारण ते ज्याच्या आधारावर उभं होतं ते गोएर्ली हे इथेरियमचं चाचणी नेटवर्कच मोडीत निघत होतं. त्याच्या जागी सेपोलियाला जोडलेलं ‘अमॉय’ आलं. चेन आयडी ८०००१ चा ८०००२ झाला. जुन्या रीडमींमध्ये (पॅकेजसोबतच्या माहिती-फाइलींत) आणि उदाहरणांच्या कोडमध्ये मुंबई अजून भेटते, आणि मॉडेलच्या आठवणीत तर ती पक्की बसलेली आहे. एजंटने चाचणीसाठी मुंबई सुचवली तर गावाच्या प्रेमाने हुरळून जाऊ नका.

सुरुवातीचा ब्लॉक

सर्वाधिक वेळ इथे जातो. प्रत्येक मॉड्यूलला सुरुवातीचा ब्लॉक (व्यवहारांचा क्रमांक दिलेला गठ्ठा) असतो. युनिस्वॅप व्ही३ चं मूळ फॅक्टरी काँट्रॅक्ट (ब्लॉकचेनवर चालणारा प्रोग्रॅम) इथेरियमवर ब्लॉक १,२३,६९,६२१ ला, म्हणजे मे २०२१ मध्ये आलं. त्याआधीचे ब्लॉक मागून काहीच मिळणार नाही. एजंटने भलताच ब्लॉक लिहून दिला तर कमांड एररही देत नाही, नुसती शांत बसते, आणि माणूस इंटरनेट तपासत राहतो.

उलट बाजूची तक्रारही नेहमीची: ‘मला शेवटचे शंभरच ब्लॉक हवेत, तरी एवढा वेळ का?’ कारण मॉड्यूल्स दोन प्रकारची असतात. मॅप मॉड्यूल एकेका ब्लॉकवर काम करून मोकळं होतं. स्टोअर मॉड्यूल मागचं सगळं साठवत पुढे जातं, उदाहरणार्थ आजवर तयार झालेल्या सगळ्या पूलची (टोकनांच्या अदलाबदलीसाठीच्या साठ्यांची) यादी. तुम्ही दादरला चढणार असलात तरी गाडी चर्चगेटहूनच सुटते, तसं स्टोअरला त्याच्या पहिल्या ब्लॉकपासूनच यावं लागतं. कुणी ते आधी चालवलेलं असेल आणि त्याचा कॅशे (साठवून ठेवलेला निकाल) सर्व्हरवर असेल तर पटकन येतं. पण मॉड्यूलचा कोड थोडा जरी बदलला तरी त्याचा हॅश (कोडवरून काढलेली ओळख) बदलतो, आणि तो कॅशे तुमच्या उपयोगाचा राहत नाही. म्हणून सबस्ट्रीम्सची ‘इन्फो’ कमांड आधी चालवा. मॉड्यूल कुठल्या प्रकारचं, ते कशावर अवलंबून, पहिला ब्लॉक कोणता, आउटपुट कसलं, हे सगळं एका पानात कळतं. एजंटच्या सारांशापेक्षा माझा त्या पानावर कितीतरी जास्त विश्वास आहे.

त्याच पानावर मॉड्यूलची निवडही होते. डेटा पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये भरायचा असेल तर डेटाबेसमधले बदल आउटपुट म्हणून देणारं मॉड्यूल शोधा. त्याचं नाव बहुधा ‘डीबी आउट’ असतं. एजंट पुष्कळदा यादीतलं पहिलंच मॉड्यूल उचलतो. शिवाय काही मॉड्यूल्सना काँट्रॅक्टचा पत्ता पॅरामीटर म्हणून द्यावा लागतो. तो न दिल्यास पॅकेज लिहिणाऱ्याने ठेवलेला पत्ता चालतो आणि भलत्याच टोकनचा डेटा तुमच्या टेबलात येतो.

आकडे आले, पण बरोबर आहेत का?

सीए मंडळींनी एवढा भाग तरी वाचावा. चेनवर रकमा पूर्णांकात असतात. दशांश कुठे द्यायचा ते टोकनवर अवलंबून. इथेरियमवर यूएसडीसी या डॉलरशी बांधलेल्या टोकनला ६ दशांश स्थळं, बीएनबी चेनवरच्या यूएसडीसीला १८. एका चेनसाठी लिहिलेली क्वेरी दुसरीकडे तशीच चालवली की रक्कम एक लाख कोटी पटीने चुकते. ती चूक निदान डोळ्यांना दिसते.

वेळेची चूक दिसत नाही. ब्लॉकची वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत येते आणि आपण साडेपाच तास पुढे आहोत. १ एप्रिलच्या मध्यरात्री साडेबारा वाजता केलेला सौदा यूटीसीप्रमाणे ३१ मार्चच्या संध्याकाळी सातचा दिसतो, म्हणजे आदल्या आर्थिक वर्षात जाऊन बसतो. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोसारख्या मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि एका वर्षातला तोटा पुढच्या वर्षात ओढता येत नाही. त्यामुळे सौदा कुठल्या वर्षात पडला यावर खरे पैसे ठरतात. तारखेनुसार बेरीज करण्याआधी वेळ भारतीय वेळेत बदला. एजंट विचारल्याशिवाय हे करत नाही.

डेटा लाइव्ह घेत असाल तर आणखी एक: अगदी ताजे ब्लॉक बदलू शकतात. इथेरियमवर ब्लॉक पक्का व्हायला साधारण १३ मिनिटं लागतात. सबस्ट्रीम्स रद्द झालेल्या ब्लॉकसाठी ‘अनडू’चा इशारा पाठवतं, तुमचा प्रोग्रॅम तो ऐकत नसेल तर न झालेले सौदे टेबलात तसेच राहतात. हिशेबासाठी फक्त पक्के ब्लॉक मागणं बरं. दहा-पंधरा मिनिटं उशीर झाल्याने कुणाचं रिटर्न अडत नाही.

टोकन आणि परक्यांचा मजकूर

रजिस्ट्री कुणालाही चाळता येते. डेटा ओढायला मात्र टोकन, म्हणजे सेवेची प्रवेश-किल्ली (क्रिप्टोचं टोकन नव्हे), लागतं. म्हणून शोध उत्तम चालतो आणि पॅकेज चालवायला गेलं की परवानगीची एरर येते. दोष ॲड-ऑनचा नसतो. टोकन एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमध्ये ठेवा, चॅटमध्ये पेस्ट करू नका, आणि मदत मागताना ग्रुपवर टाकलेल्या स्क्रीनशॉटमध्ये ते दिसत नाही ना, ते दोनदा बघा.

शेवटचा मुद्दा गंभीर आहे. पॅकेजचं वर्णन आणि रीडमी कुणीतरी अनोळखी माणूस लिहितो आणि तुमचा एजंट ते वाचतो. त्या मजकुरात एजंटसाठी आज्ञा लपवलेली असू शकते. त्याच एजंटला टर्मिनल आणि वॉलेटची की या दोन्ही गोष्टी दिलेल्या असतील तर धोका तुम्हीच घरात घेतला. शोधाला आपोआप परवानगी द्यायला हरकत नाही, पण कमांड चालवण्याची परवानगी दर वेळी स्वतः वाचून द्या, आणि वॉलेटची की त्या मशीनवर ठेवूच नका.