तरुण घोडा बघताना आधी चाल बघा, दुडकी नंतर

ड्रेसाजसाठी, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध, तालबद्ध चालींच्या स्पर्धेसाठी, तीन-चार वर्षांचा घोडा बघायला गेलात की मालक आधी दुडकीच (ट्रॉट, म्हणजे हळू धावणं) दाखवतो, घोडा पुढचे पाय असे उंच फेकतो की आपण तिथेच फिदा होतो, पण खरं सांगू, दुडकी ट्रेनिंगने खूप सुधारते, साधी चाल मात्र सहसा सुधारत नाही, उलट घाई केली तर बिघडते.

म्हणून दोर सैल सोडून घोडा चालवायला सांगा आणि बाजूला उभं राहून मोजा, टप-टप-टप-टप, चार वेगळे ठोके, मधलं अंतर सारखं. मागचा पाय पुढे येतो तेव्हा त्याच बाजूचा पुढचा पाय उचलायच्या बेतात असतो आणि क्षणभर दोघांचा इंग्रजी व्ही दिसतो. तो दिसलाच नाही, एका बाजूचे दोन्ही पाय जोडीने जात असतील तर सावध व्हा. आपल्या सारंगखेड्याच्या बाजारात रवाल चालीला, म्हणजे असे एका बाजूचे पाय जोडीने टाकण्याला, मोठा भाव असतो आणि ती चाल सुंदरच आहे, पण ड्रेसाजच्या चालीत तेच जोडीने जाणं मोठा दोष. मोबाईलवर स्लो मोशन घ्या, लगेच कळतं. ओल्या वाळूत मागच्या खुराचा ठसा पुढच्याच्या पलीकडे पडायला हवा.

कँटरमध्ये, म्हणजे दुडकीपेक्षा वेगाच्या सावकाश दौडीत, तीन ठोके आणि नंतर चारही पाय हवेत, एवढं स्पष्ट दिसलं की बास. या वयात मागची बाजू उंच वाढलेली असते, त्यामुळे घोडा पुढे झुकलेला वाटला तर लगेच नाकारू नका, सहा महिन्यांनी परत बघा.