जपानच्या मध्यरात्रीच्या ॲनिमे वाहिनीचे वेळापत्रक बेळगावात बसून कसे वाचावे

एटी-एक्स, म्हणजेच ‘ॲनिमे थिएटर एक्स’, ही केवळ ॲनिमेला, म्हणजे जपानी ॲनिमेशनला, वाहिलेली जपानी उपग्रह वाहिनी २४ डिसेंबर १९९७ रोजी सुरू झाली. ती टीव्ही टोकियो समूहातील असून जपानी प्रेक्षक दरमहा सुमारे २,००० येन भरून ती पाहतात. आपल्याकडे २००४ साली आलेली ॲनिमॅक्स वाहिनी २०१७ साली बंद झाली. त्यानंतर खानापूर, निपाणी, चिकोडीकडील अनेक मुलांना ॲनिमे मोबाईलवर तुकड्यातुकड्यांनीच भेटले. नवी मालिका कधी सुरू होते, तिचे किती भाग येतात आणि पुढचा भाग कोणत्या वेळी येणार, हे त्यांना सांगणारे कोणी नव्हते. एटी-एक्सचे वेळापत्रक वाचता आले, तर या प्रश्नांची उत्तरे घरबसल्या मिळतात.

प्रथम एक खर्च वाचवावा. ही वाहिनी दाखवणारा उपग्रह ११० अंश पूर्व रेखांशावर असतो आणि बेळगावच्या आकाशात तो क्षितिजाच्या बराच वर असतो. आपल्या डीडी फ्री डिशचा जीसॅट-१५ देखील पूर्वेकडेच, ९३.५ अंशांवर आहे. त्यामुळे छत्री थोडी फिरवली की काम होईल, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्या उपग्रहाचा झोत जपानी बेटांवर रोखलेला असतो, प्रक्षेपणाची पद्धत आपल्या सेट-टॉप बॉक्सला उमगणारी नसते आणि चित्र उलगडण्यासाठी जपानी ग्राहकाचे कार्ड लागते. मोठी छत्री बसवून देतो असे कोणी म्हणाले, तरी पैसे देऊ नयेत.

वेळापत्रकातील पहिली अडचण घड्याळाची आहे. तेथे २४:३०, २५:००, २६:३० अशा वेळा छापलेल्या असतात. रात्री जागणाऱ्या प्रेक्षकाच्या दृष्टीने मध्यरात्रीनंतरही तोच दिवस चालू असतो, म्हणून जपानी दूरचित्रवाणीत तास २४ च्या पुढे मोजले जातात. ‘शनिवार २५:३०’ याचा अर्थ टोकियोत रविवारच्या पहाटेचा दीड. जपानचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे आणि दोन्ही देशांत उन्हाळ्यात घड्याळे बदलत नाहीत, त्यामुळे छापील वेळेतून वर्षभर ३ तास ३० मिनिटे वजा करावीत. २५:३० मधून ती वजा केली की २२:०० उरतात, म्हणजे आपल्याकडे शनिवारीच रात्रीचे दहा. मी सुरुवातीची कित्येक महिने आधी तारीख बदलत असे, मग तास वजा करत असे, आणि हमखास एक दिवस चुकत असे. तारखेला हात न लावता सरळ वजाबाकी केली, तर २७:३० पर्यंतची प्रत्येक वेळ आपल्याकडे त्याच तारखेच्या रात्रीत बसते. टोकियोतील मध्यरात्र बेळगावच्या टिळकवाडीत साडेआठला, जेवणाच्या वेळी, येते.

वारांची नावे एकेका अक्षराने लिहिलेली असतात आणि ती आपल्याला परकी वाटू नयेत. जपानी सोमवार चंद्राचा व रविवार सूर्याचा आहे. मंगळवार अग्नीचा, बुधवार पाण्याचा, गुरुवार लाकडाचा, शुक्रवार सोन्याचा आणि शनिवार मातीचा, कारण मंगळ, बुध, गुरू, शुक्र व शनी यांची जपानी नावे अनुक्रमे याच तत्त्वांवरून पडली आहेत. आपला सोमवार असो की कन्नडमधला भानुवार, ग्रहांचा क्रम तोच आहे. ही सात अक्षरे एका संध्याकाळी पाठ होतात.

यानंतर काताकाना लिपी शिकावी, कारण मालिकांच्या नावांत ती वारंवार येते. तिची मूळ अक्षरे ४६ आहेत. दुकानाची पाटी कन्नडमध्ये आणि घरातले वर्तमानपत्र मराठीत वाचणाऱ्या सीमाभागातील मुलाला आणखी एका लिपीचे भय वाटण्याचे कारण नाही. शिवाय जपानी अक्षरांचा क्रम अ, इ, उ, ए, ओ आणि मग क, स, त, न, ह, म, य, र, व असा आहे. जपानी भिक्षूंनी संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् लिपीचा अभ्यास केला, त्यातून हा क्रम आला. प्राचीन जपानीत ‘ह’ चा उच्चार ‘प’ होता आणि ‘स’ हा ‘च’ च्या जवळचा होता असे मानले जाते. ते उच्चार परत ठेवून पाहिले, तर आपली बाराखडी घोकणाऱ्या कोणालाही ती ओळ ओळखीची वाटेल. मला स्वतःला या शोधाने जितका आनंद झाला, तितका एखाद्या मालिकेनेही क्वचितच दिला आहे.

नावाशेजारी चौकटीत एखादे अक्षर दिसते. ‘शिन’ म्हणजे नवी मालिका आणि ‘शू’ म्हणजे अखेरचा भाग. एटी-एक्सवर एकच भाग आठवड्यात पुन्हा दाखवला जातो, म्हणून तेच नाव दोन-तीन ठिकाणी दिसले तर गोंधळू नये. भागाचा क्रमांक पाहावा आणि आठवड्यातील पहिली वेळ टिपून ठेवावी.

नव्या मालिका वर्षातून चार वेळा, जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये सुरू होतात. एका हंगामाला ‘कूर’ म्हणतात आणि त्यात साधारण १२ किंवा १३ भाग बसतात. आपल्याकडे हे हंगाम संक्रांतीच्या आसपास, परीक्षा संपता संपता, खानापूरच्या पावसात आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास येतात. पहिल्या दोन आठवड्यांत चार-पाच मालिका निवडाव्यात, कारण प्रत्येक भाग सुमारे २४ मिनिटांचा असला तरी सगळेच पाहणे अभ्यास सांभाळून जमत नाही.

प्रत्यक्ष भाग पाहण्यासाठी क्रंचीरोल, नेटफ्लिक्स किंवा यूट्यूबवरील म्यूझ इंडिया असे अधिकृत मार्ग आहेत. अनेक मालिका जपानमधील प्रक्षेपणानंतर त्याच दिवशी इंग्रजी उपशीर्षकांसह येतात आणि काही हिंदी, तमिळ व तेलुगूतही मिळतात. अनधिकृत संकेतस्थळे टाळावीत, कारण मालिकेचा खर्च उचलणाऱ्या निर्मिती समितीला हक्कविक्रीतूनच पैसा परत मिळतो आणि पुढचा हंगाम त्यावर ठरतो.

पालकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एटी-एक्स वर्गणीवर चालते, त्यामुळे इतर वाहिन्यांवर झाकलेली दृश्ये तिच्यावर पुष्कळदा न झाकता दाखवली जातात आणि काही कार्यक्रमांना वयाची अट असते. चित्रे रेखाटलेली आहेत एवढ्यावरून मालिका लहान मुलांची ठरवू नये. वेळापत्रकात वयाची खूण दिसली, तर त्या मालिकेचा पहिला भाग आधी मोठ्यांनी पाहावा.