दुसऱ्या आकृतीची घाई

यी चिंग हा कौल लावायचा प्राचीन चिनी ग्रंथ शिकायला बसलो तेव्हा एक रुपयाची तीन नाणी आणि एक वही एवढंच भांडवल होतं. दर रेषेला तिन्ही नाणी उडवायची; छाप्याला 3, काट्याला 2 धरायचे. बेरीज 7 आली तर अखंड रेषा, 8 आली तर तुटकी, दोन्ही स्थिर. 9 म्हणजे तुटायला आलेली अखंड रेषा, 6 म्हणजे सांधायला आलेली तुटकी. अशा सहा रेषांची एक आकृती मांडायची, तीही खालून वर. मी आठवडाभर वरून खाली काढत होतो. ती पानं फाडून टाकली.

दुसरी खोड जायला जास्त वेळ लागला. बदलत्या रेषा, म्हणजे 6 आणि 9 च्या, उलटवल्या की दुसरी आकृती मिळते. पहिली म्हणजे आज, दुसरी म्हणजे उद्या, असं मी धरून चाललो होतो. नवशिके हमखास इथेच फसतात.

'त्सो च्वान' या जुन्या बखरीत इ.स.पू. 530 मधली एक हकिकत आहे. लू राज्यातल्या नान ख्वायने धन्याविरुद्ध बंडाचा बेत करून कौल लावला. कुन आकृतीची पाचवी रेषा बदलून बी झाली. ग्रंथातलं त्या रेषेचं वचन: पिवळं अधोवस्त्र, परम शुभ. गडी खूश! जाणकाराने मात्र बजावलं की पिवळा हा मध्याचा, निष्ठेचा रंग आणि अधोवस्त्र खालच्या माणसाचं. निष्ठाच नसेल तर शुभ कसलं? बंड फसलं, नान ख्वाय छी राज्यात पळाला. या सगळ्यात बी आकृतीचं वचन कुणी वाचलंच नाही. बखरीत 'कुन-चं-बी' अशा धाटणीचा उल्लेख येतो. इथल्या 'चं'च्या जागी असलेल्या मूळ चिनी शब्दाचा अर्थ आपल्या 'चा-ची-चे'सारखा होतो, तसाच 'जाणे' असाही. बरेच अभ्यासक त्या उल्लेखाला नुसता रेषेचा पत्ता मानतात, म्हणजे कुनमधली कोणती रेषा एवढंच सांगणारा.

बदलत्या रेषा जास्त आल्या तर 12व्या शतकातल्या चू शी या चिनी विद्वानाचे नियम कामी येतात. एक असेल तर तिचंच वचन. दोन असतील तर दोन्ही, वरचीला मान. तीन असतील तर दोन्ही आकृत्यांची मुख्य वचनं. चारपासून पुढे भर दुसऱ्या आकृतीवर.

नाण्यांत 6 आणि 9 येण्याची शक्यता सारखीच, 16 पैकी 2. काड्यांच्या जुन्या रीतीत 6 ला 1 आणि 9 ला 3. त्यासाठी 50 काड्या लागतात, त्यातली एक आधीच बाजूला ठेवायची. मी खराट्याच्या घेतल्या. एका कौलाला अठरा वेळा मोजणी. तेवढ्यात प्रश्न नीट लिहून होतो.