दुखणं लांबलेल्या घरात होणाऱ्या या चुका टाळा

कॅन्सर, हृदय किंवा मूत्रपिंड निकामी होणं, फुप्फुसांचा जुना आजार. घरात असं दुखणं आलं की पॅलिएटिव्ह केअर हा शब्द बहुतेकांच्या कानावर पडतो तो डॉक्टरांनी ‘आता घरी न्या’ म्हटल्यावर. तोवर फार उशीर झालेला असतो. हे उपचार म्हणजे हात टेकणं नव्हे. दुखणं, धाप, मळमळ, झोप, भीती, घरच्यांची दमछाक या सगळ्याकडे बघणारी ही वैद्यकशाखा आहे आणि केमो चालू असतानाही ती सोबत चालते.

बॉस्टनमधला २०१० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास यासाठी माहीत असावा. फुप्फुसाचा कॅन्सर पसरलेले १५१ रुग्ण त्यात होते. निम्म्यांना निदानानंतर लगेचच नेहमीच्या उपचारांसोबत पॅलिएटिव्ह केअर मिळाली, उरलेल्यांना फक्त नेहमीचे उपचार. पहिल्या गटाचं जगणं जास्त सुसह्य झालं, नैराश्य कमी दिसलं. शेवटच्या दिवसांतले आक्रमक उपचार कमी होऊनही त्यांचं मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) ११.६ महिने भरलं, दुसऱ्या गटाचं ८.९. आयुष्य वाढल्याचं पुढच्या प्रत्येक अभ्यासात दिसलेलं नाही, त्यामुळे त्या आशेवर कोणी जाऊ नये. पण त्रास कमी होणं ही काय लहान गोष्ट आहे?

मॉर्फिनची धास्ती

मॉर्फिन हे तीव्र वेदनेवरचं औषध. माझ्या मावशीला आम्ही त्याची गोळी ‘अगदीच सहन होईना’ तेव्हाच द्यायचो. सवय लागेल, पुढे औषध लागू पडणार नाही, असं वाटायचं. आज त्याचं फार वाईट वाटतं, कारण त्या रात्री टळण्यासारख्या होत्या. कॅन्सरच्या सततच्या वेदनेत साधी मॉर्फिनची गोळी घड्याळ लावून, सहसा दर चार तासांनी द्यायची असते. वेदना उफाळून आल्यावर तिला आवरायला जास्त औषध लागतं. वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेलं मॉर्फिन म्हणजे व्यसन नव्हे. वेदना वाढली तर डोसही वाढवता येतो, तो ‘पुढच्यासाठी राखून’ ठेवावा लागत नाही.

मात्र बद्धकोष्ठता जवळजवळ ठरलेली. मळमळ सहसा काही दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठता ओसरत नाही. पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासूनच लिहून मागा. आमच्याकडे ते कोणी सांगितलंच नाही, आणि पोट फुगून मावशीने मॉर्फिनच नको म्हटलं. रुग्णाचं मूत्रपिंड कमजोर असेल तर मॉर्फिन अंगात साठतं. फार गुंगी, असंबद्ध बोलणं, अंगाला झटके दिसले तर लगेच फोन करा. गोळी एकदम बंद करू नका.

‘पुढच्या तारखेला सांगू’

न्यूयॉर्कमध्ये केमो घेणाऱ्या ७६६ रुग्णांवर एक अभ्यास झाला. त्यातल्या एका गटाने आपला त्रास संगणकावर नियमित नोंदवायचा आणि तो वाढला की नर्सला सूचना जायची, एवढीच साधी व्यवस्था होती. २०१७ मध्ये आलेल्या आकड्यांनुसार या गटाचं मध्यक आयुर्मान ३१.२ महिने, दुसऱ्या गटाचं २६. घरी वही पुरते: वेदना दहापैकी किती, शौच, झोप, उलट्या. फक्त ती भरून उशाशी ठेवू नका, दवाखान्यात कळवा.

धाप लागली की सिलिंडर

आधी ऑक्सिमीटर लावा. ऑक्सिजन कमी असेल तर तो द्यायलाच हवा. पण रक्तातला ऑक्सिजन पुरेसा असणाऱ्या २३९ धाप लागणाऱ्या रुग्णांच्या अभ्यासात नळीतून साधी हवा दिली काय किंवा ऑक्सिजन दिला काय, फरक पडला नाही. अशा वेळी चेहऱ्यावर छोट्या पंख्याचा वारा, उशांना टेकून बसवणं आणि उघडी खिडकी करून पाहा.

‘बाबांना काही सांगू नका’

हे आपण प्रेमापोटी म्हणतो. पण बाबांना बहुतेकदा कळलेलंच असतं आणि ते तुमच्यासाठी गप्प बसतात. सगळं एका दमात सांगायची गरज नाही. शेजारी बसून विचारा, ‘तुम्हाला आजाराबद्दल किती जाणून घ्यायचंय?’ आणि उत्तर येईपर्यंत मध्ये बोलू नका.